देवळाचा दगड आणि खाणीतली गार

जीर्णोद्धार समितीच्या मंडळींनी या स्मरणिकेसाठी ‘देवळाचा इतिहास’ लिहून द्यावा असा आग्रह धरला, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. आपल्या श्रीभैरवनाथाच्या देवळावर शिलालेख नाही. दप्तरात सनद नाही, कोणत्या बखरीत गावाचे नाव नाही. म्हातारी माणसे ‘हेमाडपंती आहे’ असे सांगत आली. पण आपल्याकडे काळ्या दगडाचे कोणतेही जुने देऊळ दिसले की ते हेमाडपंती म्हणावयाची रीतच पडली आहे. हेमाद्री पंडित हा देवगिरीच्या महादेव व रामचंद्र या यादव राजांचा तेराव्या शतकातील मंत्री. त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बांधणीत चुना न वापरता दगडावर दगड घडवून बसविलेला असतो. आपल्या देवळाच्या सांध्यांतून मात्र जोते उकलताना घमेली-घमेली चुना निघाला आणि शिखर तर विटांचे. तेव्हा हा मान सोडलेला बरा. देऊळ त्यानंतरचे, मराठेशाहीतील असावे, एवढेच माझे मत आहे.

पण जोते उकलताना दुसरी एक गोष्ट घडली आणि तिच्यामुळे मी लेखणी हाती घेतली. ग्रामस्थांना ती ठाऊक आहे. मुंबई-पुण्याकडील व परगावच्या देणगीदारांना नसेल, म्हणून सांगतो.

उकललेल्या दगडांचा ढीग पिंपळाखाली पडला होता. चावडीवर बैठक झाली. बरेच जण म्हणाले की, जुने दगड आता कशाला? क्रशरवर देऊन खडी करून घ्यावी, तीच खडी स्लॅबला वापरावी आणि वरून चकचकीत फरशी लावावी. खर्च वाचेल, काम लवकर होईल. ठराव जवळजवळ झालाच होता. तेवढ्यात वडारवस्तीवरचे एक वृद्ध काका, ज्यांची उभी हयात खाणीत गेली, ते उठले. त्यांनी हातातल्या सुतकीने ढिगातील दगड एकेक करून वाजवायला सुरुवात केली. टण्, टण्, टण्. पंचवीस-तीस दगड झाल्यावर एक वाजला तो ‘बद्’. काका वळून म्हणाले, “गुरुजी, हे बगा. ह्यो चार दगडं मांजऱ्याची हायती, मागनं कुनीतरी घुसडल्याली. बाकी समदं पाषाण हाय. आसला दगुड आता खानीत घावत न्हाई. ह्याची खडी करू नगा.”

दगड मोजले. दक्षिणेच्या कोपऱ्यातील चारच दगड कुजले होते आणि कोपरा खचला होता तोही तेथेच. बाकीच्या दगडांच्या कडा आजही हाताला लागतील इतक्या धारदार आहेत. ठराव मागे घेतला गेला. नव्या जोत्यात आज जुने दगड पुन्हा बसले आहेत ते या कारणाने. काकांनी जे सुतकीच्या आवाजावरून ओळखले त्यामागे काय आहे, हे सांगावे हा या लेखाचा हेतू आहे.

आपले गाव पुणे–अहिल्यानगर रस्त्याच्या (जुन्या माणसांच्या तोंडी नगर रोडच्या) पट्ट्यात येते. वाघोली, लोणीकंद, भावडी या बाजूला दगडाच्या खाणी किती आहेत हे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतेच. पुणे शहराच्या इमारतींची, पुलांची, रस्त्यांची खडी वर्षानुवर्षे या पट्ट्यातून गेली. वाघोली २०२१ साली महानगरपालिकेत गेली आणि कित्येक जुन्या खाणींच्या कडेपर्यंत घरे येऊन ठेपली. ज्या खाणी थांबल्या त्यांत पाणी साठले आहे. आयाबायांना विनंती की पोरांना तिकडे पोहायला जाऊ देऊ नये; काठ सरळ तुटलेला असतो आणि खोलीचा अंदाज येत नाही.

अशा एखाद्या खाणीच्या काठावर उभे राहून समोरच्या भिंतीकडे पाहावे. वर हात-दोन हात माती, खाली मुरूम. त्याखाली भोकाभोकांचा, पांढरे ठिपके असलेला, जरा करडा किंवा तांबूस झाक मारणारा दगड. यालाच आपण मांजऱ्या म्हणतो. विहीर खणणाऱ्यांना हा शब्द चांगला परिचयाचा आहे. मांजऱ्याच्या खाली अखंड, निळसर काळा, घट्ट दगड, हा पाषाण. आणखी खाली गेले तर काही ठिकाणी गेरूसारखी तांबडी पट्टी लागते आणि तिच्याखाली पुन्हा मांजऱ्या, पुन्हा पाषाण. एकाच्या खाली एक, पोळ्यांची चवड ठेवावी तसे.

हा सारा दगड एके काळी वितळलेला होता. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आपल्या या दख्खनच्या भूमीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तापलेला शिलारस बाहेर आला. शंकूसारखा डोंगर होऊन तोफेसारखा उडाला असे नव्हे. उतू गेलेल्या दुधासारखा तो पसरत गेला. एक थर निवाला की त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. थर कोठे दहा-पंधरा फुटांचा तर कोठे शंभर फुटांहून जाड. आज या दगडाने सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापलेला आहे, महाराष्ट्राचा तर चार-पंचमांशाहून अधिक भाग. सह्याद्रीच्या बाजूला या थरांची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या घरात जाते. पृथ्वीवरून अजस्र सरपट नाहीसे झाले तोही सुमारास हाच. त्यात या शिलारसाचा वाटा किती, यावर शास्त्रज्ञांचा वाद चालू आहे. सह्याद्रीच्या डोंगरांना दुरून पायऱ्या-पायऱ्या दिसतात त्या या थरांच्याच. स्वीडिश भाषेत पायरीला ‘ट्रापा’ म्हणतात, त्यावरून या खडकाला ‘ट्रॅप’ नाव पडले आणि कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३० च्या दशकात आपल्या भागाची पाहणी लिहिताना त्याला ‘डेक्कन ट्रॅप’ म्हटले. खडकाचे शास्त्रीय नाव बेसाल्ट.

आता मांजऱ्या आणि पाषाण हे दोन वेगळे दगड आहेत असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. दोन्ही एकाच शिलारसाचे. उकळत्या काकवीत बुडबुडे वर येतात तसे त्या रसातील वायूचे बुडबुडे वर चढले. वरची साय आधी निवून घट्ट झाली आणि बुडबुडे तिच्यात अडकले. त्या पोकळ्यांचा झाला मांजऱ्या. पोटातला रस सावकाश निवत गेला. त्यात बुडबुडे राहिले नाहीत, फेल्स्पार आणि पायरोक्सीन या खनिजांचे बारीक कण एकमेकांत घट्ट गुंतले, मधूनमधून लोहचुंबकाचे कण बसले. तो झाला पाषाण. थर निवून कित्येक काळ उघडा राहिला, त्याचा वरचा भाग कुजून माती झाली आणि त्यावर नवा तप्त रस आला, की मधे राहते ती तांबडी पट्टी.

पाषाण घणाखाली घंटेसारखा वाजतो, कारण त्यात फट नाही, पोकळी नाही. एक घनफूट पाषाण ऐंशी किलोंच्या वर भरतो. यावरून आठवले. जवळच्या तुळापूरला १६३३ साली मुरार जगदेवाने हत्तीची तुला केली, अशी परंपरा आहे. हत्ती नावेत चढवून पाण्याची रेघ खुणावली आणि मग त्या रेघेपर्यंत नाव बुडेल इतके दगड भरले. ही युक्ती शहाजीराजांची, असे सांगतात. चार टनांचा हत्ती धरला तर आपल्या पाषाणाचे पन्नासएक घनफूट पुरतात. आपल्या जोत्याच्या एका बाजूलाच त्याहून अधिक दगड आहे.

वडारकाकांनी दुसरी एक परीक्षा सांगितली. दगड संध्याकाळी भिजवून ठेवायचा आणि सकाळी सुकताना पाहायचा. अंगात केसाएवढी जरी चीर असली तरी तेथील ओल मागे राहते आणि काळी रेघ उमटते. नव्या जोत्याला जे थोडे दगड कमी पडले ते निवडताना आम्ही हीच परीक्षा केली. सात दगड परत पाठवले.

मांजऱ्या जोत्याला का चालत नाही, तेही यातच आले. पोकळ्यांतून पाणी मुरते. पोकळ्यांत भरलेली खनिजे पाषाणापेक्षा मऊ असतात, आणि भोवतालच्या दगडाची हळूहळू माती होत जाते. आपल्या देवळाच्या मूळ कारागिरांनी हे जाणून एकही मांजऱ्या जोत्यात घेतला नव्हता. नंतर केव्हातरी कोणी डागडुजी केली, हाताशी आला तो दगड बसविला आणि सांधे सिमेंटने भरले. सिमेंटने आतली ओल आतच कोंडली, तेव्हा तो कोपरा आणखी लवकर गेला. या वेळी सांधे पुन्हा चुन्यात भरले आहेत. चुन्याची घाणी, बेलफळाचे पाणी आणि गूळ पाहून तरुण मंडळी हसली. पण चुना ओल बाहेर जाऊ देतो, एवढे ध्यानात घ्यावे. पूर्वीचा चुना नदीकाठच्या आणि काळ्या रानातल्या चुनखडीच्या खड्यांचा असे. म्हणजे तोही येथल्या मातीतलाच.

जो दगड पाथरवटाने टाकून दिला, त्याच मांजऱ्याच्या पोटात मात्र असा माल आहे की तो पाहण्यासाठी परदेशातून माणसे आपल्या पट्ट्यात येऊन गेली.

आम्ही लहानपणी खाणीच्या डबरावर ‘गारा’ वेचायला जात असू. पांढऱ्या चकचकीत खड्यांना आम्ही सरसकट गार किंवा गारगोटी म्हणत होतो. चुलीत टाकली की काही गारा तडतडत आणि काही फुगून पांढऱ्या किड्यासारख्या वळवळत. आईचा मार खाण्यापुरतीच ही गंमत होती. पुढे कळले की हीच गोष्ट १७५६ साली क्रोनस्टेट नावाच्या स्वीडिश खनिजतज्ज्ञाने पाहिली होती आणि तापवल्यावर उकळल्यासारखा फेसाळणारा दगड म्हणून ग्रीक भाषेत ‘झिओलाइट’ हे नाव ठेवले होते. या खनिजांच्या अंगात पाणी सांठलेले असते, ते तापल्यावर वाफ होऊन निघते. आमच्या चुलीत वळवळणारी गार बहुधा स्कोलेसाइट. तिचे नावच मुळी ग्रीक भाषेतल्या ‘किडा’ या शब्दावरून पडले आहे.

हे खडे झाले कसे? शिलारस निवल्यावर थरांतून गरम पाणी फिरत राहिले. त्याने खडकातील वाळूचा अंश, चुना, ॲल्युमिनियम विरघळवून घेतले आणि बुडबुड्यांच्या पोकळ्यांत कणाकणाने आणून ठेवले. मधाच्या पोळ्यात मध साठावा तसे. हे एकदम झाले नाही. काही खडे शिलारसापेक्षा काही कोटी वर्षांनी धाकटे आहेत, असे अलीकडील तपासात दिसले आहे. पोकळी फोडली तर पुष्कळदा आधी भिंतीला हिरव्या मातीसारखा लेप दिसतो. अजिंठ्याच्या चित्रांत जो हिरवा रंग आहे तो अशाच हिरव्या मातीचा. त्यावर पांढरे किंवा पिवळसर गुलाबी, गव्हाच्या पेंढीसारखे मधे आवळलेले खडे, ते स्टिल्बाइट. मोत्यासारखी झाक मारणारे ह्यूलँडाइट. सुयांचे झुबके, ते स्कोलेसाइट किंवा मॉर्डेनाइट. आणि काचेसारखे स्वच्छ, चौकोनी, टोकदार असतात ते अपोफिलाइट. हे झिओलाइट नव्हे, पण राहते त्यांच्याच शेजारी. पुण्याच्या पाषाण भागातील हिरवे अपोफिलाइट जगभर नावाजलेले आहे. गावाचे नावच पाषाण! कॅल्साइट आणि गारेचा खरा दगड, म्हणजे क्वार्ट्‌झ, हेही सोबतीला असतातच.

बाहेरच्या जगाला हे भांडार प्रथम मोठ्या प्रमाणावर दिसले ते बोरघाटात. १८५६ ते १८६३ या काळात खंडाळ्याच्या घाटातून रेल्वे नेण्यासाठी डोंगर फोडला, बोगदे काढले, तेव्हा मोठमोठ्या पोकळ्या उघड्या पडल्या आणि त्यांतले खडे विलायतेच्या संग्रहालयांत गेले. ज्या हजारो मजुरांनी ते खडक फोडले, त्यांतील कितीजण पटकीने आणि अपघाताने घाटातच राहिले. संग्रहालयातील चिठ्ठीवर त्यांचा उल्लेख नसतो.

आपल्या वाघोलीचे नाव झाले ते निळ्या खड्यामुळे. त्याला कॅव्हन्साइट म्हणतात. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिका या तिन्हींची अक्षरे जोडून केलेले हे नाव. १९६७ साली अमेरिकेत ऑरेगन राज्यात ते प्रथम सापडले आणि १९७३ साली त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले. पण तेथे ते अगदी थोडे. वाघोलीच्या खाणींत मात्र १९८० च्या दशकाच्या अखेरीस ते असे निघाले की जगातील उत्तमोत्तम नमुने येथलेच ठरले. तुकडे होऊन पुन्हा सांधलेल्या खडकाच्या पोकळ्यांत, पांढऱ्या स्टिल्बाइटच्या गादीवर निळेभोर झुबके बसलेले असतात. गोकर्णीच्या फुलाचा रंग डोळ्यांपुढे आणावा. तो रंग त्यातील व्हॅनेडियम धातूचा. आज ज्यांना असे खडे पाहावयाचे असतील त्यांनी सिन्नरचे गारगोटी संग्रहालय जरूर पाहावे. सिन्नरला जाणे झालेच तर गोंदेश्वराचे देऊळही पाहावे. म्हणजे पाषाण आणि गार दोन्ही एका फेरीत होतील.

निळा खडा प्रथम कोणाच्या दृष्टीस पडला असेल? खाणीत सुरुंग उडाल्यावर धूर निवायच्या आत डबर उपसायला उतरतो त्याच्याच ना! आमच्या डोळ्यांदेखत असे खडे चहापाण्याच्या पैशांत बाहेरच्या माणसाच्या पिशवीत गेले आहेत. आणि न ओळखता क्रशरच्या तोंडात किती पडले, किती रस्त्याच्या डांबराखाली गेले, याची मोजदाद कोण करणार? खाणवाल्याचा हिशेब ब्रासवर, शंभर घनफुटांवर. मजुराचाही तोच. ब्रासमध्ये निळे-पांढरे काही धरत नाहीत.

येथे वडार समाजाविषयी दोन शब्द लिहिणे मला कर्तव्य वाटते. या देणगीदारांच्या यादीत त्यांच्या वस्तीची वर्गणी एका ओळीत आली आहे, आणि रकमेच्या क्रमाने ती खाली आहे. त्यात कोणाचा दोष नाही. यादी रकमेचीच असते. पण मातीवडार, गाडीवडार, दगडवडार अशा नावांनी ओळखल्या जाणाऱ्या या लोकांनी आपल्या मुलखातील तळी खणली, किल्ल्यांचे दगड फोडले, गाड्यांनी ओढून आणले. पहार, घण, सुतकी आणि छिन्नी एवढ्या सामानावर ही विद्या चालली. दगडाची ‘नस’ कोणत्या अंगाने आहे, कोठे पाचर मारली असता चिरा सरळ सुटेल, हे त्यांना बोटांनी समजे. क्रशर आल्यावर ही विद्या कोणाला नको झाली. खडीला नस लागत नाही. दगडाच्या धुळीत वाढलेल्या पोरांसाठी वाघोली भागात ‘संतुलन’ संस्थेने पाषाणशाळा काढल्या, हे एक चांगले झाले. काकांचा नातू शिकला, तो आता संगणकावर काम करतो. सुतकी कशी वाजवायची हे त्याला येत नाही. त्यात वाईट काही नाही, असे काका स्वतःच म्हणतात.

काकांनी या कामाची मजुरी घेतली नाही. समितीने शाल-श्रीफळ देण्याचे ठरविले तेव्हा म्हणाले, “शाल नगं. त्यापरीस जोत्याच्या दगडाला कुनी रंग लावू नगा, एवढं लिवून घ्या.” त्याप्रमाणे ठरावाच्या वहीत लिहून घेतले आहे. ऑइल पेंट लावणार नाही, सिमेंटचा गिलावा चढवणार नाही. पुढील समितीच्या मंडळींनी ती वही एकदा उघडून पाहावी.

आता राहिले ते चार कुजके मांजऱ्या दगड. तीन ओवरीच्या भरावात गेले. चौथा उतरवताना हातातून निसटला आणि उभा दुभंगला. आत नारळाएवढी पोकळी होती. तिच्या भिंतीला हिरवा लेप, त्यावर पांढऱ्या स्टिल्बाइटच्या पेंढ्या आणि मधोमध अपोफिलाइटचे तीन स्वच्छ खडे. कोणास ठाऊक किती वर्षे देवाच्या दक्षिणेला अंधारात बसून होते. पाहायला सारा गाव लोटला. दोन दिवसांत पोरांनी एक खडा उपटलाच, दोन शिल्लक आहेत. सध्या तो दगड पिंपळाच्या पाराजवळ गोणपाटाखाली झाकून ठेवला आहे. ओवरीचे काम पुरे झाले की तेथल्या कोनाड्यात जाळी लावून बसवायचा आहे. जाळीची वर्गणी अद्याप जमावयाची आहे.